फंक्शन म्हणजे सूत्र नव्हे

अकरावीतली भाची गणित सोडायचं म्हणतेय. कारण काय, तर फंक्शन! वहीभर नुसती सूत्रं. ऑयलरनेही १७४८ मध्ये फंक्शन म्हणजे सूत्रच मानलं होतं म्हणा. १८३७ मध्ये डिरिक्लेने ती सक्ती काढली. प्रत्येक 'क्ष'ला एकच 'य' मिळाला की झालं.

मग आधी मुंबईच्या रिक्षाचं मीटर का दाखवू नये? अंतर सांगा, भाडं एकच. (वेटिंग तूर्त विसरा!) पण पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत किमान भाडंच पडतं, त्यामुळे भाड्यावरून अंतर सांगता येत नाही. उलटं फंक्शन नाही ते असं. वर्गाचंही तेच: ३ आणि -३, दोघांचं उत्तर ९. वर्गमूळ काढताना ऋण उत्तर बाजूला का ठेवतात, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.