रानपिंगळ्याचे झाड छापू नका



दुर्मीळ पक्षी दिसला की वर्तमानपत्रांत छायाचित्रासह बातमी येते. त्या बातमीत पक्ष्याच्या रंगरूपापेक्षा त्याचा पत्ताच अधिक नेमका असतो. अमुक गावचा पाझर तलाव, तमुक फाट्यावरून डावीकडची पायवाट. पुढच्या रविवारी त्या फाट्यावर गाड्यांची रांग लागते. माझी मागणी साधी आहे. अशा बातमीत जिल्हा छापा, फार तर तालुका. त्यापुढे जाऊ नका.

याचा अर्थ नोंदी दडवा असा नव्हे. नोंद खोटी असली की काय होते, ते रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या बाबतीत आपण पाहिले आहे. पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८८४ नंतर त्याचा एकही खरा नमुना कुणाला मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला तो मिळवल्याचे सांगितले आणि जाणकारांनीही ते खरे धरले. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासले, तेव्हा बिंग फुटले. तो पक्षी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश संग्रहालयातून लांबवला, नव्याने भरला आणि त्यावर आपली चिठ्ठी डकवली! मांडवी बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ आले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा दिसला. तोही दिवसाउजेडी, कारण हा पिंगळा रात्रीची वाट पाहत बसत नाही.

म्हणून तारीख आणि ठिकाणासह खरी नोंद झालीच पाहिजे. ती अभ्यासकांकडे आणि वनखात्याकडे जावी. ईबर्डसारख्या नोंदसंचातही काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा सर्वांना दाखवत नाहीत. नोंद मात्र शाबूत राहते. वर्तमानपत्राला एवढे जमू नये?

रानपिंगळा नंतर मेळघाटात, यावलच्या जंगलात सापडला आणि २०१४ मध्ये थेट मुंबईच्या उंबऱ्यावर, तानसा अभयारण्यात. तो तानसाला आहे हे आता जगजाहीर आहे. लपवायचे आहे ते त्याच्या ढोलीचे झाड. गर्दीतले बरेचजण मोबाईलवर त्याचा आवाज वाजवतात. नराला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. शिकार सोडून तो उत्तर देत फांदीवर येतो, आणि फोटो झकास मिळतो. तेवढा वेळ अंड्यांवर बसलेली मादी उपाशी, कारण तिला भरवणारा तोच. प्रत्येक टोळके शपथेवर सांगते, ‘आम्ही एकदाच वाजवला.’ खरेही असेल. पण सकाळपासून किती टोळकी येऊन गेली, याचा हिशेब त्या पिंगळ्याखेरीज कुणाकडे नसतो.

पत्ता लपवला तर गावातल्या वाटाड्यांची कमाई बुडेल, असा आक्षेप हमखास येतो. मला नेमके उलटे वाटते. झाडापर्यंतचा रस्ता छापून आला की वाटाड्याला विचारतो कोण? पत्ता त्याच्याकडेच राहू द्या. कुठल्या झाडावर वीण चालू आहे, तिकडे कुणाला न्यायचे नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. आणि पुढच्या वर्षी पक्षी तिथेच राहावा यात त्याचा रोजगार गुंतलेला असतो.

आमिष टाकून फोटो काढणाऱ्यांबद्दल एवढेच सांगतो, की वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणेही येते आणि पक्ष्यांची घरटी-अंडी विस्कटणेही. बंदूक नसली म्हणून सुटका नाही.

तेव्हा फोटो पाठवणाऱ्याला आधी विचारा, आवाज वाजवला होता का, घरटे किती जवळ होते. उत्तर गुळमुळीत आले तर फोटो परत पाठवा. घरट्यावरचा फोटो तर कितीही देखणा असो, रविवार पुरवणीच्या पहिल्या पानावर मुळीच नको. निम्मी गर्दी त्या पानाच्याच मोहाने जंगलात जाते.

— एक पक्षीनिरीक्षक, ठाणे