काढा लिहून ठेवा, मापासकट आणि मनाईसकट



माझा नातू आठ महिन्यांचा आहे. मागच्या महिन्यात त्याला सर्दी झाली. इथे पुंगोलमध्ये हिवाळा नसतो, पण बाहेर दमट उकाडा आणि घरात एसी, त्यामुळे सर्दीला ऋतू लागत नाही. मी घरच्या ग्रुपवर सहज लिहिलं, तर अश्दोदहून मावसबहिणीचा व्हॉइस मेसेज आला. "अगं, एवढी नर्स झालीस आणि विसरलीस? आजीसारखी मधात सुंठ उगाळ आणि चाटव."

मी म्हटलं, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. ती थोडी दुखावली. म्हणाली, "म्हणजे आपली आजी चुकत होती का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण तो फक्त आमच्या घरचा नाही.

मधात कधी कधी बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते काही करत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होतो, रडणं क्षीण होतं, मान टाकली जाते, श्वासही बंद पडू शकतो. मध घरच्या चुलीवर उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. असं क्वचितच घडतं, पण सर्दीसाठी एवढी जोखीम का घ्यायची? लहान बाळांचा हा आजार ओळखला गेला तोच 1976 साली. आमची आजी त्याआधीच गेली होती. तिला जे माहीत नव्हतं त्याचा दोष तिला देता येत नाही. आपल्याला मात्र माहीत आहे.

आता आजीचं जे बरोबर होतं ते सांगते, कारण ते जास्त आहे.

शुक्रवारी रात्री किद्दूशनंतर आमच्याकडे कोंबडी असायची. मटण-कोंबडीबरोबर दूध चालत नाही, म्हणून सर्दी झालेल्या पोराला रात्री हळद-दूध मिळायचं नाही. आजी नारळाचं दूध काढायची आणि त्यात हळद, मिरपूड, गुळाचा खडा घालून कोमट करून द्यायची. आज कॉफीच्या दुकानात नारळाच्या दुधातलं हळदीचं पेय महागड्या कपात मिळतं. आमच्याकडे ते कश्रूतच्या नियमातून आणि अंगणातल्या माडातून आलं होतं. आपल्या लोकांचं कोकणीपण आणि यहुदीपण एका वाटीत दिसावं, अशी ही गोष्ट आहे.

कोंबडीच्या रश्शाचंही तसंच. रामबामने बाराव्या शतकात आजाऱ्याला कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितलं, म्हणून युरोपातले यहुदी त्याला गमतीने यहुद्यांचं पेनिसिलिन म्हणतात. आपला रस्सा आलं, लसूण, कोथिंबीर आणि नारळाच्या दुधाचा. 2000 साली अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या डॉक्टरांनी रस्सा प्रयोगशाळेत तपासला. सुजेच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावली. तो प्रयोग बशीतला होता, रुग्णांवरचा नव्हता. म्हणून रश्शाने सर्दी बरी होते असं मी म्हणणार नाही. पण गरम वाफ, मीठ, पाणी आणि खाण्याची वासना, एवढं तर मिळतंच. खऱ्या पेनिसिलिनने सर्दीला एवढंही होत नाही. सर्दी विषाणूची असते, अँटिबायोटिकला ती दाद देत नाही. ती आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. तोवर अंगाला आराम द्यायचा, एवढंच काढ्याचं काम.

आमचा काढा लिहून ठेवते. चार कप पाणी, बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं, गवती चहाची चार-पाच पाती, पाच-सहा मिरे, सुपारीएवढा गूळ. तीन कप उरेपर्यंत उकळायचं, गाळून कोमट प्यायचं. इथल्या बाजारात सेराय नावाने मिळतात ते गवती चहाचेच बुंधे. पाती नसतील तर एक बुंधा ठेचून घाला. मधुमेह असेल तर गूळ वगळा. खोकल्याला वर्षावरच्या मुलांना झोपताना एक चमचा मध द्या. इंग्लंडच्या आरोग्य खात्यानेही 2018 साली साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा, असंच सांगितलं.

बटव्यातल्या तीन गोष्टी मात्र मी काढून टाकल्या आहेत. तान्ह्याला मध, पोरांना ब्रँडीचा चमचा आणि उकळत्या पातेल्यावर मुलाला बसवून दिलेली वाफ. वाफेचं पातेलं कलंडून भाजलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. त्या आयांनी मायेनेच पातेलं ठेवलं होतं.

आणि काढ्याने वेळ दवडू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, मूल प्यायचं थांबलं, श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, किंवा मोठ्या माणसाला धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच डॉक्टर. ताप तीन दिवसांनंतरही राहिला तरी डॉक्टर.

आता मुद्द्याचं. आपल्या समाजाच्या इतिहासात सिनेगॉगं आहेत, आडनावांवरून शोधलेली गावं आहेत, मोठी माणसं आहेत. 1928 ते 1947 कामा हॉस्पिटल सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड आपल्याच, त्यांचा अभिमान मला नर्स म्हणून जरा जास्तच आहे. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून आपल्या बायका काय करत होत्या, ते कुठेच लिहिलेलं नाही. हाईम शमुवेल केहीमकरांनी 1897 साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये. लिहिलेला होता म्हणून तो चाळीस वर्षं थांबू शकला. आजीचा काढा कागदावर नाही. तो जिच्या हातात आहे तिच्याबरोबर जातो.

म्हणून विनंती. तुमच्या घरचा काढा, रस्सा, सरबत लिहून पाठवा. कोणत्या गावचं घर, कोण करायचं, कोणाला द्यायचं. माप लिहा. आणि कोणाला द्यायचं नाही, तेही लिहा. मनाई न लिहिता नुसती कृती पुढे दिली, तर कुणी नवखी आई ती तान्ह्या बाळाला देईल, आणि तिचा दोष असणार नाही.

नातू नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि आईचं दूध यांवर आठ दिवसांत बरा झाला. अश्दोदची बहीण अजून थोडी रुसलेली आहे, पण काल तिने आजीच्या आल्याच्या वड्यांची कृती पाठवली. त्यात "मूठभर आलं" असं लिहिलंय. कोणाची मूठ, ते मी विचारलंय.