शिडी कुणासाठी?

जंगलात वॉच टॉवर बांधताना शिडी ठरली की दुसरीही एक गोष्ट ठरून जाते. वर कोण जाणार आणि खाली पिशव्या सांभाळत कोण बसणार. नकाशा काढणाऱ्याच्या हे मनातही नसतं, पण होतं तसंच.

"तुम्ही जा, मी बसते इथंच." हे वाक्य आपल्या बायांच्या तोंडी इतकं बसलंय की ती त्यांची इच्छाच आहे, असं आपण धरून चालतो. गुडघे गेलेली सासू, सातवा महिना लागलेली सून, कुबडी घेणारा भाचा. पांढुर्णा-सौंसरकडे पाहुणे आले की पेंचचा बेत ठरतो. तुरिया, कर्माझिरी, जमतरा अशी गेटांची नावं पोरांना पाठ असतात. पण मनोऱ्यापाशी पोचलं की घराचे दोन भाग पडतात. वरचे सांगतात, "सांबर दिसलं." खालचे म्हणतात, "बरं झालं." यात बरं काय झालं, सांगा बरं?

मचाण मूळचं शिकाऱ्याचं. धडधाकट गड्यानं गुपचूप चढावं, एवढाच त्याचा हिशेब. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. बंदूक गेली, शिडी मात्र तशीच राहिली. पलीकडे महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणींवर सामान्य माणसाला बसू देतात. फार चांगली प्रथा आहे. पण चांदण्यात प्राणी बघायला डोळे नि धीर लागतो. पायांची परीक्षा कशाला?

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत त्यानं करमणुकीच्या जागाही घातल्यात. नियमाला धरून नकाशा नसेल तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही, असं त्यात आहे. जुन्या इमारती सुधारायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ मध्ये निघाले, मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, किमान काही बंधनकारक हवेतच. म्हणजे ही मेहेरबानी मागणं नव्हे.

पहिला आक्षेप ठरलेला: "असे लोक येतातच किती?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. दुखरे गुडघे, फुललेला दम आणि कडेवरचं लेकरू त्या मोजणीत नाही. आणि जिथं शिडीच आहे तिथं ते दिसणार कसे? विहिरीला दोर ठेवायचा नाही आणि वर म्हणायचं, पाणी प्यायला कुणी येत नाही.

दुसरा आक्षेप गोड असतो: "आम्ही उचलून नेऊ ना!" यात प्रेम असतं, नाही म्हणत नाही. पण चार परक्या पुरुषांनी उचललेल्या बाईला विचारा, तिचं लक्ष हरणाकडे होतं की पदराकडे. कुणी म्हणेल, तुम्ही जैन लोक शिखरजीला डोली करताच की. करतो. तो डोंगर तीर्थ आहे, तिथली चढण भाविकाच्या तपाचा भाग आहे, आणि डोली आपण स्वतः ठरवून करतो. वॉच टॉवर परवा ठेकेदारानं उभा केला. त्याच्या पायऱ्यांत कसलं तप?

तिसरा आक्षेप खर्चाचा नि जागेचा. तर हिशेबच करू. रॅम्पचं साधं माप असं की एक फूट चढायला बारा फूट लांबी. पंधरा फूट उंचीच्या मनोऱ्याला १८० फूट रॅम्प लागेल. दर तीस फुटांवर दम खायला सपाट टप्पा. ऐकायला लांबलचक वाटतं. पण तीस फूट बाजूचा चौकोन करून मनोऱ्याभोवती वळवला तर दीड फेरीत माणूस वर. आणि सातपुड्यात सपाट जागाच का धरायची? उतारावर मनोरा उभारा, वरच्या अंगानं सरळ लाकडी पूल जोडा. चढ जवळजवळ उरतच नाही.

सागवान आपल्याकडचंच. खांबाचं बूड मातीत न पुरता लोखंडी बैठकीवर ठेवलं तर ओल धरत नाही, वाळवीलाही रोखता येतं. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या बसवाव्या आणि फटी बारीक ठेवाव्या, म्हणजे व्हीलचेअरचं चाक किंवा काठीचं टोक अडकत नाही. पावसाळ्यात लाकूड निसरडं होतं, म्हणून खाचा पाडाव्या. सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट कठड्याची. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नेमक्या डोळ्यांसमोर कठड्याची आडवी दांडी येते. इतकं वर येऊन बघायचं काय, तर दांडी! बसलेल्या नजरेला मोकळी चौकट ठेवायला पैसा लागत नाही, नकाशा काढताना एकदा खुर्चीत बसून बघावं लागतं.

जर्मनीत बव्हेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी १,३०० मीटरची लाकडी वाट झाली. तिच्या टोकाला ४४ मीटर उंच मनोरा आहे आणि व्हीलचेअर नि बाबागाडी वरपर्यंत जाते. आपण पंधरा फुटांना घाबरतोय.

आणि नुसता मनोरा करून भागत नाही. पार्किंगपासून वाट खडीची असेल, संडासाला दोन पायऱ्या असतील, तर रॅम्प फोटोपुरताच. अशी साखळी एका कडीला तुटली तरी बाई गाडीतच बसते.

पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नव्या जिल्ह्यात नव्या इमारती होतात, पर्यटनाची स्वप्नं रंगतात. उद्या इथल्या रानात मनोऱ्याचा नकाशा टेबलावर येईल तेव्हा पंचायतीतल्या, नगरपालिकेतल्या बायांनी "वाघ दिसेल का?" हे मागाहून विचारावं. आधी विचारावं, "माझी सासू वर कशी जाईल, ते या कागदावर बोट ठेवून दाखवा." बोट ठेवता आलं नाही, तर सही करू नये.