प्रकाशलाटांचे भाकीत समीकरणाच्या भरवशावर

ऑप्टिकल फायबरमधील लेझर प्रखर झाला, की काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि प्रकाश स्वतःचेच रूप पालटू लागतो. या अरेषीय खेळात क्वचित उसळणाऱ्या राक्षसी लाटा कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००७ मध्ये टिपल्या. सेकंदाच्या अब्जांशाहूनही अल्पजीवी असे हे शिखर थेट मोजणे जिकिरीचे. वर्णपट नोंदविणे त्यामानाने सोपे. म्हणूनच २०१८ मध्ये फिनलंडमधील तांपेरे आणि फ्रान्समधील बेझाँसों येथील शास्त्रज्ञांनी निव्वळ वर्णपटावरून शिखराची उंची सांगण्यास न्यूरल नेटवर्कला शिकविले. प्रयोगातील वर्णपटांवर ते वापरलेही गेले. मेख मात्र शिकवणीत आहे. ती प्रयोगांवर नव्हे, तर अरेषीय श्रोडिंजर समीकरणाच्या संगणकीय प्रतिरूपांवर झाली. साहजिकच समीकरणात जे नाही, ते नेटवर्कला ठाऊक असण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये स्पंदाचा संपूर्ण प्रवास वर्तविणारे नेटवर्क आले. तेही अशाच प्रतिरूपांवर पोसलेले.