नाव पेपरचं, पान बिल्डरचं

लंडनच्या ‘द टाइम्स’ने पहिल्या पानावर बातम्या द्यायला सुरुवात केली ती ३ मे १९६६ला. तोवर तिथे जन्म, लग्न, मृत्यू, नोकरी अशा छोट्या जाहिरातींची दाटी असे. चेन्नईच्या ‘द हिंदू’चीही १९५८पर्यंत हीच रीत होती. मग दसरा-दिवाळीला आपल्या पेपरांवर चढणाऱ्या पानभर जाहिरातीच्या ‘जॅकेट’बद्दल कुरकुर कशाला?

दाखला बिनतोड वाटतो, पण फसवा आहे. त्या बारीक टायपात अख्खं शहर बोलत होतं. जॅकेटवर एकटा बिल्डर बोलतो, तोही पेपरचं नाव डोक्यावर मिरवत.

पहिल्या पानाची जागा काय करू शकते, हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २४ मे २०२०ला दाखवलं. अमेरिकेत करोनाचे बळी लाखाच्या घरात पोचले होते. त्या पानावर ना फोटो, ना आलेख. सहाही कॉलमांत मृतांची नावं, वय, गाव आणि प्रत्येकाबद्दल जेमतेम एक ओळ. देशभरच्या पेपरांतल्या मृत्युलेखांमधून हजार नावं वेचली होती. पहिलं पान भरून ती आत सांडली. त्यातलं सहावंच नाव खून झालेल्या एका तरुणाचं निघालं, पुढच्या आवृत्तीत ते काढावं लागलं. चूक लाजिरवाणीच, पण पानाची धार तिने बोथट झाली नाही.

बैरुतच्या ‘अन-नहार’ने तर ११ ऑक्टोबर २०१८चा अंक कोराच काढला. मे महिन्यात निवडणूक होऊनही सरकार बनत नव्हतं, त्याचा हा निषेध. पुढच्या वर्षी २१ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातल्या पेपरांनी पहिल्या पानावरच्या ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकल्या. पत्रकारांवरचे छापे आणि गुप्ततेचे कायदे यांविरुद्ध न्यूज कॉर्प आणि नाइन हे कट्टर स्पर्धक त्या दिवशी एकत्र आले होते.

यांतल्या एकाही पानाला चित्रांचा झगमगाट लागला नाही. लागली ती जागा, आणि आपल्याकडे तीच चौरस सेंटिमीटरवर विकली जाते.

विकण्याची हद्द जानेवारी २०२५मध्ये दिसली. एका खासगी विद्यापीठाच्या जाहिरातीने बड्या इंग्रजी दैनिकांचं पहिलं पानच पांघरलं. त्यात २०५० सालच्या काल्पनिक बातम्या, आणि ठळक मथळा कागदी नोटा जाऊन डिजिटल चलन येत असल्याचा. हे काल्पनिक आहे, ही सूचना बारीक अक्षरांत. नोटाबंदी भोगलेल्या देशात लोक गोंधळले नसते तरच नवल! शेवटी प्रेस कौन्सिलने पेपरांकडे खुलासा मागितला.

पेपरच्या किमतीत कागदाचाही खर्च सुटत नाही, हे खरं. जाहिराती बंद करा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. जॅकेट खुशाल चढवा. पण त्यावर पेपरचं नाव नको आणि बातमीच्या टायपातला मथळा तर मुळीच नको. जाहिरातदार त्याचे पैसे कमी देईल. देऊ दे.