कालवणाचा वाद आणि खाडीचे पाणी

जून महिन्याच्या पहिल्या तारखेपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एरवी कधी न आढळणारी शांतता नांदते. पण समुद्र असा मिटला, की जिल्ह्यातील स्वयंपाकघरांत एक जुना वाद नव्याने उकळू लागतो. सुरमई-पापलेट दृष्टीआड होतात, पहिल्या पावसाबरोबर ओढ्याकाठी रात्री बत्त्या फिरू लागतात, खाडीतील चिखलातून कुर्ल्या निघतात आणि मग प्रश्न उभा राहतो, की कुर्लीचे कालवण करावे कसे? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु कोकणातील एखाद्या लग्नघरी दोन तालुक्यांतील व्याही पंगतीला बसले असता हा विषय निघाला, तर हुंड्यामानपानाच्या बोलण्यापेक्षाही आवाज चढलेला ऐकू येतो.

वादाची सुरुवात नावापासूनच होते. दक्षिणेकडे जी कुर्ली, तीच रायगड-ठाण्याच्या बाजूला चिंबोरी आणि घाट चढून गेले की खेकडा. नाव बदलते तसा मसालाही बदलतो. मालवण-वेंगुर्ल्याकडील सुगरण कांदा-खोबरे चांगले लालसर भाजून, धणे-मिरच्यांसह बारीक वाटल्यावाचून कुर्लीला हात लावीत नाही. आगरी-कोळी घरांत लसूण आणि घरचा तिखट मसाला यांना मान. खोबरे असले तर असले. तेथे कवचात बेसनाचे सारण भरून, दोऱ्याने बांधून शिजविलेली भरली चिंबोरी हे पाहुणचाराचे पक्वान्न मानतात. घाटावर सुके खोबरे, तीळ आणि काळा मसाला यांचा तवंगदार रस्सा हवा. आंबटपणा आमसुलाचा की चिंचेचा, बांगड्याला शोभणारे तिरफळ कुर्लीच्या वाटेला जावे की नाही, कुर्ली आधी कांद्यावर परतावी की थेट वाटणात सोडावी, या प्रत्येक प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एवढ्या मतभेदांत एकमत असते ते एकाच गोष्टीवर : बारीक पाय फेकायचे नाहीत, ते कुटून, पाण्यात कालवून, गाळून त्याचा रस कालवणात घालायचा. आणखी एक नियम सर्वांनाच मान्य आहे, तो म्हणजे कुर्ली जिवंत असताना आणावी. मेलेल्या कुर्लीचे मांस फार लवकर नासते.

या वादात प्रत्येक पक्ष आपली पद्धत हीच मूळची आणि अस्सल, असे सांगतो. येथे थोडी इतिहासाची आठवण करून दिली पाहिजे. ज्या लाल मिरचीवाचून आज कोणत्याही पक्षाचे पान हलत नाही, ती मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आली. त्यापूर्वीही कोकणात कुर्ल्या होत्या आणि त्या खाणारी माणसेही होती. त्यांच्या कालवणाला तिखटपणा मिऱ्यासारख्या पदार्थांचा असणार. भूगोलाचे अभिमानही असेच अलीकडचे आहेत. मालवण आणि रत्नागिरी हे आज दोन जिल्ह्यांत मोडतात. पण सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. त्यापूर्वी बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंतचा सारा मुलूख एकाच जिल्ह्याच्या नकाशात होता. तेव्हा अस्सलपणाचा दाखला ना इतिहासाकडून मिळतो, ना सरकारी सीमेकडून.

मग या पद्धती वेगळ्या का झाल्या? याचे उत्तर मसाल्याच्या डब्यात शोधण्यापेक्षा पाण्यात शोधावे. खाडीतील कुर्ली खाऱ्या-मचूळ पाण्यात वाढते. मूळचाच खारेपणा तिच्या अंगी असतो, म्हणून जाणती गृहिणी मीठ शेवटी, चाखून घालते. भरगच्च मांसाच्या या कुर्लीला भाजक्या खोबऱ्याचे दाट वाटण पेलते. ओढ्यातली कुर्ली लहान, कवच जास्त, मांस थोडे. तिचा खरा ऐवज रसात असतो, म्हणून तेथे पातळ कालवण आणि त्यात आमसूल. जेथे दारात माड तेथे ओले खोबरे, जेथे माड नाही तेथे सुके. आमसुलाचा रातांबा परसात असताना चिंच विकत आणण्याचे कारण नव्हते. अशी प्रत्येक पाककृती त्या त्या गावच्या पाण्याची, झाडांची आणि ऋतूची नोंद आहे. ती कोणी लिहून ठेवली नाही; सासूने सुनेला चुलीपाशी सांगितली एवढेच.

असे वाद कोकणातच होतात, असे समजण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात क्रॉफिश नावाचा, शेवंडीसारखा दिसणारा गोड्या पाण्यातील लहान जीव मोठमोठ्या भांड्यांत उकडून खातात. मसाला उकळत्या पाण्यातच मुरावा, असे तेथील जुन्या मंडळींचे मत. तर टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात स्थायिक झालेल्या व्हिएतनामी लोकांनी उकडल्यानंतर वरून लसूण-लोण्याचा मसाला चोपडण्याची रीत रूढ केली. वाद तेथेही पेटतो. पण त्या राज्याने 1983 साली या जिवाला अधिकृत राज्यचिन्हाचा मान दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाद मसाल्याचा असला तरी मान त्या जिवाचा आणि त्याच्या पाण्याचा आहे, हे तेथे ओळखले गेले.

आपल्याकडे नेमके उलट घडत आहे. मुंबई-पुण्याच्या खाणावळींनी कोकणच्या साऱ्या चवींवर ‘मालवणी’ ही एकच पाटी लावली आणि त्या नावाच्या तयार मसाल्याच्या पुड्यांनी उरलेसुरले वैविध्य पुसण्याचा विडा उचलला आहे. यात मालवणचा दोष नाही. त्याच्या पाककलेची कीर्ती सार्थच आहे. पण गुहागरची, राजापूरची किंवा संगमेश्वरच्या ओढ्याकाठची चव त्या पाटीखाली नाहीशी होते. कोणत्याही पाण्याच्या कुर्लीला एकच पुडी चालते असे एकदा ठरले, की ती कोणत्या पाण्यातून आली हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. खरा धोका तेथेच आहे.

कारण ते पाणीच आज संकटात आहे. दाभोळ खाडीतील मच्छीमार औद्योगिक सांडपाण्याविषयी वर्षानुवर्षे तक्रारी करीत आले आहेत. ज्या कांदळवनाच्या मुळांत खाडीची कुर्ली लहानाची मोठी होते, त्याची तोड रोखण्यासाठी 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. खाडीच्या कुर्लीची मादी अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जाते आणि पिले पुन्हा खाडीत परततात. ओढ्याच्या कुर्लीची पिले तर आईच्या पोटाखालीच वाढतात. म्हणजे पहिल्या पावसात अशी एक मादी पकडली, की तिच्याबरोबर सबंध वीण टोपलीत येते. याचा परिणाम काय होतो, याचा धडा मुंबईच्या समुद्राने देऊन ठेवला आहे. तेथील चपट्या शेवंडीची ट्रॉलरच्या जाळ्यांनी 1978 पासून मोठी मासेमारी सुरू झाली. अंडी असलेल्या माद्याही सुटल्या नाहीत आणि 1994 पर्यंत ती मासेमारी पार कोसळली. तिचा रस्सा कोणत्या पद्धतीचा उत्तम, हा वाद मग आपोआपच मिटला.

कुर्लीचा वाद अशा रीतीने मिटू नये, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपला अभिमान थोडा चुलीबाहेर आणला पाहिजे. पोटाखाली अंडी वा पिले असलेली मादी आणि हाताच्या पंजाएवढीही न भरलेली खाडीची कुर्ली बाजारात दिसली तर ती न घेणे, हे प्रत्येक गृहिणीच्या हातचे आहे. खाडीत काय सोडले जाते यावर नजर ठेवणे हे ग्रामपंचायतींचे आणि शासनाचे काम आहे आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे नागरिकांचे. रत्नागिरीत 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. गावोगावच्या वृद्ध स्त्रियांपाशी असलेले ऋतूंचे, भरती-ओहोटीचे आणि कुर्ल्यांचे ज्ञान तेथील विद्यार्थ्यांनी टिपून घेतले, तर शास्त्र आणि स्वयंपाकघर या दोहोंचाही फायदा होईल.

खोबरे भाजावे की ओलेच वाटावे, हा प्रश्न निकालात निघण्याची काही आवश्यकता नाही. तो पुढल्या पिढीतही, पुढल्या आषाढातही तसाच रंगावा. मात्र त्यासाठी पातेल्यात मसाल्याबरोबर कुर्लीही असावी लागते, एवढे भान वाद घालणाऱ्या सर्व पक्षांनी ठेवावे.