तुमच्या वाट्याचं सँडविच

नोकरीला रामराम ठोकून सँडविचचं दुकान टाकायचं म्हणताय? जरूर टाका. फक्त त्याआधी कॅलक्युलेटर काढा!

प्रत्येक ऑफिसात असा एक तरी जण असतोच. अप्रेजलच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर, हातात कटिंग घेऊन तो जाहीर करतो, "बास झालं यार! सोडतो ही नोकरी आणि मस्तपैकी सँडविचचं दुकान टाकतो." मग समोरच्या सँडविचवाल्याकडे बोट दाखवून हिशोबही मांडतो. ब्रेडच्या तीन स्लाइस, काकडी-टोमॅटोच्या चार चकत्या, उकडलेला बटाटा, बीट, हिरवी चटणी आणि वर चाट मसाला. असून असून काय असतं त्यात? पस्तीस रुपयांचा माल आणि विकतो शंभराला! शिवाय गर्दी बघा. ना बॉस, ना टार्गेट, ना शुक्रवारी संध्याकाळी येणारा तो 'अर्जंट' मेल.

गंमत म्हणजे त्याचा हिशोब चुकीचा नसतो. अर्धा असतो, एवढंच. सँडविचमध्ये नफा आहे, याबद्दल वादच नाही. प्रश्न असा की, दुकानात आहे का? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न, त्यातलं तुमच्या वाट्याला काही येतं का?

चला, उरलेला अर्धा हिशोब आपण करून बघू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. त्यांच्या जागी तुमच्या एरियातले आकडे घाला, फंडा तोच राहील.

एका सँडविचचं पोस्टमॉर्टेम

शंभर रुपयांचं व्हेज ग्रिल घेऊ. ब्रेड ९ रुपये. बटर १५ ग्रॅम, म्हणजे आणखी ९ (बटर शंभर ग्रॅमला साठच्या आसपास पडतं आणि त्यात कंजुषी केली की गिऱ्हाइकाला पहिल्या घासात कळतं). भाज्या ७, चटणी-मसाला ३, कागदी प्लेट-टिश्यू-सॉस ४. झाले ३२. त्यात रात्री उरलेला ब्रेड, काळी पडलेली चटणी, मऊ पडलेले टोमॅटो यांचे ३ रुपये मिळवा. एकूण ३५.

आता सरकारचा वाटा. महाराष्ट्रात खाण्याच्या दुकानाची वर्षाची विक्री २० लाखांच्या वर गेली की जीएसटी आला. शंभराची ६५ सँडविचं रोज विकलीत तरी ही रेघ ओलांडली जाते. रेट ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे ग्रिलरवर, पॅकिंगवर तुम्ही भरलेला जीएसटी तुमच्याच खिशातून गेला. आणि "रोखीत घेऊ, कुणाला कळतंय" हा काळ आता सरला. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या व्यवहारांवरून नोटिसा गेल्या होत्या. तेव्हा शंभरातले पाच रुपये आधीच बाजूला काढून ठेवा.

उरले ६० रुपये. वाईट नाही!

रोज पहिली ६३ दुसऱ्यांची

आता दुकान. ऑफिसांच्या जवळच्या गल्लीत दीड-दोनशे स्क्वेअर फुटांचा गाळा, भाडं ४० हजार. दोन पोरं, प्रत्येकी १७ हजार, म्हणजे ३४ हजार. लाइट (कमर्शियल रेटने!), गॅस, पाणी १० हजार. साफसफाई, दुरुस्ती, सीएची फी वगैरे ६ हजार. ग्रिलर, फ्रीज, स्टीलचं काउंटर, फर्निचर मिळून ४ लाख ८० हजार गेले आणि ते पाच वर्षं चालतील असं धरलं, तर महिन्याला ८ हजार. एकूण ९८ हजार. रविवारी सुट्टी, म्हणजे कामाचे दिवस २६.

इथे एक ट्रिक सांगतो. खर्च रुपयांत मोजू नका, सँडविचमध्ये मोजा. रोज एक जास्तीचं सँडविच विकलंत, तर महिन्याला ६० गुणिले २६, म्हणजे १,५६० रुपये सुटतात. या हिशोबाने रोजची पहिली २६ सँडविचं गाळ्याच्या मालकाची. पुढची २२ पोरांच्या पगाराची. त्यापुढची १५ लाइट, गॅस आणि मशिनरीची. म्हणजे पहिली ६३ तुम्ही दुसऱ्यांसाठीच भाजताय. चौसष्टाव्या सँडविचपासून तुमची कमाई सुरू!

नोकरीत हातात ६० हजार येत असतील तर तेवढ्यासाठी आणखी ३९ लागतील. टोटल १०२. रोज, न चुकता. पीएफ आणि मेडिक्लेम तर यात धरलेलेच नाहीत.

खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. रोज ८० विकली जातात असं समजा. बाहेर लाइन दिसते, काउंटरवर यूपीआयचा स्पीकर सारखा बोलतोय, नातेवाईक म्हणतात "सॉलिड चाललंय हं तुझं!" महिन्याअखेरीला उरतात २६,८००. दुकान नफ्यात आहे, मालक मात्र सकाळी सातला भाज्या चिरायला उभा राहून रात्री नवाला शटर ओढतोय, तेही नोकरीतल्या निम्म्याहून कमी पैशांत. बंद पडणारं दुकान निदान कळतं तरी. असं अर्धवट चालणारं दुकान माणसाची चार-पाच वर्षं हळूच खाऊन टाकतं.

पण हेच गणित वरच्या बाजूलाही तितक्याच जोरात पळतं. गाळ्याचं भाडं विक्रीबरोबर वाढत नाही ना! रोज १३० गेली की महिन्याला १ लाख ४ हजारांच्या वर सुटतात. ८० आणि १३० यांत फरक फक्त पन्नास सँडविचचा, पण कमाई जवळजवळ चौपट.

शंभर माणसं येणार कधी?

सगळी भूक एकदम लागते, ही या धंद्याची अडचण. ऑफिसवाले एक ते दोनमध्ये तुटून पडतात. एका ग्रिलरवर एका वेळी चार सँडविचं, भरणं-भाजणं-कापणं धरून पाच मिनिटं, म्हणजे कागदावर तासाला ४८. प्रत्यक्षात कुणाला कांदा नको, कुणाला जैन, कुणाला चटणी वेगळी, कुणाचं पेमेंट अडकलंय. तीस-पस्तीस झाली तरी शाबासकी द्या. तेव्हा नुसत्या लंचवर शंभर होणं कठीण. सकाळी ऑफिसला पळणारे आणि संध्याकाळी सहाला 'काहीतरी खाऊ' म्हणणारे, हे दोन्ही गट हवेतच.

त्यात २०२० नंतर ऑफिसची हजेरीच बदलली. हायब्रिडवाल्या कंपन्यांच्या आसपास मंगळवार ते गुरुवार झुंबड असते, सोमवार-शुक्रवार सुस्त. शनिवारी तर कावळे! कामाचे दिवस २६ वरून २२ वर आले की १०२ चा आकडा थेट १२० वर जातो. म्हणून नुसत्या आयटी पार्कसमोरचा गाळा दिसतो तेवढा सोन्याचा नसतो. कॉलेज, क्लासेस, स्टेशनचा रस्ता आणि मागे दोन सोसायट्या असं मिश्रण असेल तर आठवडा भरतो.

"पण फुटपाथवरचा सँडविचवाला तर आरामात कमावतो!" कमावतो ना. कारण ती रोजची २६ सँडविचं त्याला गाळ्याच्या मालकाला द्यावी लागत नाहीत आणि पोरांचा पगार तो स्वतःच असतो. त्याची किंमत तो वेगळ्या पद्धतीने मोजतो. ऊन, पाऊस आणि महापालिकेची गाडी. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, पण धास्ती काही संपलेली नाही. त्याचा नफा बघून स्वतःचा गाळा घेऊ नका. दोन्ही धंदे वेगळे आहेत, फक्त चटणी सारखी आहे.

अ‍ॅपवरची ऑर्डर गोड, पण...

मग डिलिव्हरी अ‍ॅप? कमिशन २५ टक्के धरा. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचार रुपये. वाफेने ब्रेड ओला होऊ नये म्हणून चांगला डबा, ८ रुपये जास्तीचे. साठातून हे सगळं वजा केलं की उरतात साडेबावीस. डिस्काउंटची स्कीम लावलीत तर तेही नाहीत. म्हणजे काउंटरवर आलेलं एक गिऱ्हाईक अ‍ॅपवरच्या अडीच ऑर्डरींपेक्षा भारी. दुपारी तीन ते पाच ग्रिलर रिकामा असतो, तेव्हा अ‍ॅप जरूर चालू ठेवा. एक वाजता ऑर्डरी घेऊन समोर उभ्या माणसाला ताटकळत ठेवणं मात्र परवडत नाही.

मग तरतं कोण?

पहिली गोष्ट, तरणारे लोक नुसतं सँडविच विकत नाहीत. पन्नास रुपयांच्या कोल्ड कॉफीत माल वीसचा आणि टॅक्स धरून सत्तावीसेक रुपये सुटतात. निम्म्या गिऱ्हाइकांनी ती घेतली तर १०२ माणसांचं काम ८३ माणसांत होतं. "सोबत कॉफी देऊ?" या तीन शब्दांची ही किंमत!

दुसरी, त्यांचा मेनू छोटा असतो. बत्तीस प्रकारांचा बोर्ड लावला की फ्रीजमध्ये बत्तीस प्रकारचं सडायला लागतं. दहा-बारा पुरेत. आणि एक चटणी अशी हवी, की त्यासाठी माणूस रस्ता ओलांडून येईल.

तिसरी, मालक काउंटरवर असतो. रोजच्या गिऱ्हाइकाला "कांदा नको ना, दादा?" हे विचारायला पगारी माणूस सापडत नाही.

चौथी, सगळ्यात बोअरिंग, पण सगळ्यात महत्त्वाची. ते भाड्यावर घासाघीस करतात. महिन्याचं भाडं दहा हजारांनी कमी म्हणजे रोजची सहा-सात सँडविचं कायमची वाचली. लीव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. त्यात दरवर्षीची वाढ आणि लॉक-इन नीट वाचा. दुकान चाललं की मालकाला गाळा 'घरच्यांसाठी' हवा होतो, हे विसरू नका!

आता कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि राजीनामा टाइप करण्याआधी एक स्वस्तातला प्रयोग करा. तीन दिवस सुट्टी टाका. त्यातला एक सोमवार, एक बुधवार, एक शनिवार. तुम्हाला हव्या त्या गल्लीत सकाळी आठ ते रात्री आठ वही घेऊन बसा. किती माणसं जातात, किती थांबतात, किती जण काहीतरी खातात ते मोजा. मग तुमचा तो आकडा काढा, १०२ असो की ८३, आणि स्वतःला विचारा, यातली इतकी माणसं रोज माझ्या दारात का थांबतील? उत्तर पटण्यासारखं असेल, तर दुकान उभारायच्या पैशांशिवाय सहा महिन्यांचा दुकानाचा आणि घराचा खर्च बाजूला ठेवा. पैसे कमी पडत असतील तर २०१५ पासून सुरू असलेलं मुद्रा कर्ज आहे. फक्त त्याचा हप्ताही सँडविचमध्ये मोजा.

उत्तर पटलं नाही, तर तीन दिवसांच्या सुट्ट्या गेल्या, बाकी काही नाही. परत ऑफिसला या आणि टपरीवरच्या त्या मित्राला आपलं गणित दाखवा. शंभर रुपयांचं एक ग्रिल मागवा आणि ते मजेत खा. यातलं चौसष्टावं कुठलं, ते मोजायचं टेन्शन समोरच्याला असू दे!